एकेचाळीस दिवसांचं पथ्य

३ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी अरुणावतीच्या काठावर जाऊन कहूच्या झाडाला निवतं देऊन आले. कहू म्हणजे पुस्तकातला अर्जुन. हळद लावलेले तांदूळ बुंध्याशी ठेवायचे, हात जोडायचे आणि सांगायचं, उद्या सकाळी साल न्यायला येते, अमक्या माणसासाठी पाहिजे, राग मानू नको. माझी सासू जमनाबाई असंच सांगायची. न सांगता ओरबाडलेली साल लागू पडत नाही, असं तिचं म्हणणं. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं सासूच्या तोंडून, आणि ती गेल्यावर झाडपाल्याच्या पुस्तकांतून, चष्मा लावून. पण निवतं मी कधी चुकवलं नाही.

या वेळचं अमकं माणूस म्हणजे कमरुन्निसा. माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिचे मालक गनीभाऊ, त्यांचं आमच्या गावाजवळ आर्णीत सायकल दुरुस्तीचं दुकान, दुकानाच्या मागेच घर. एकच लेक, आरिफा, पांढरकवड्याला दिलेली.

ऑक्टोबरात कमरूनला हार्टचा झटका आला. नागपूरला नेऊन हार्टच्या नळीत छल्ला, म्हणजे स्टेंट, बसवला. बरी होऊन आली, चालते, शिलाई मशीनवर बसते. पण झोप गेली ती गेलीच. म्हणते, "डोळा लागला का वाटते, आता हा उघडतच नाही. मंग उठून बसते अन मशीनच्या चाकाकडं पाह्यत राह्यते." डॉक्टर म्हणतात सगळं चांगलं आहे. चांगलं आहे तर बाई झोपत का नाही, हेही सांगावं त्यांनी. त्यांच्या यंत्राला नळी दिसते, भीती दिसत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

उगवतीकडची साल काढली, चार बोटं रुंद, झाडाला लागेल इतकी नाही. चेचून दूधपाण्यात मंद आचेवर ठेवली, पाणी आटून दूध उरेपर्यंत. वरून झोपेसाठी ब्राह्मीच्या पानांचा रस आणि चमचाभर घरचा गुलकंद. किटली घेऊन दहाला कमरूनकडे.

"काय व हे? नाल्याचं पानी पाजून राह्यली का मले?"

"पिऊन टाक. तुह्या शेवयाले मी कधी नाक मुरडलं का?"

"कशी मुरडशीन? दोन वाट्या हानतं अन वरून डबा भरून नेतं."

प्यायली. मग मी नेहमीसारखं पथ्य सांगितलं. एकेचाळीस दिवस आंबट नाही. वांगं नाही. मयतीच्या घरचं जेवण नाही. या औषधावर दुसरं औषध नाही. पथ्य मोडलं तर औषध उलटते. सासू सांगायची त्याच चालीत सांगते मी, मधे थांबलं तर विसरायला होतं. गनीभाऊ काळ्या हातांनी दारात उभे होते. तेही मान हलवत होते.

"तुह्यावर भरोसा हाये," कमरून म्हणाली. "एक गोष्ट इकडची तिकडं नाही होनार. अल्ला कसम."

इतकं मन लावून ऐकणारं माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटलं.

१० डिसेंबर, मंगळवार

लागू पडलं!

चार दिवसांपासून कमरून झोपते. मी रोज किटली घेऊन जाते, ती पिते, मग मी तिच्या डोक्याला तेल लावते आणि आम्ही बोलत बसतो. काल मी तिला आमच्या गावच्या उकंडाच्या बैलाची गोष्ट सांगत होते, तो बैल लग्नाच्या मांडवात शिरला होता ती. नवरी पळाली तिथवर आले तर ही घोरतही होती.

आणखी पाहा. नागपूरहून आल्यापासून तिच्या पोटात जळजळ व्हायची, ती थांबली. हातावर निळे डाग पडायचे, जरा कुठं लागलं की पडायचे, ते विरून गेले. स्वतःच बाही वर करून दाखवलं. "पाह्य, साफ!" साल रक्त शुद्ध करते असं पुस्तकात आहे, ते डोळ्यांनी पाहिलं. दवाखान्याला दीड महिन्यात जमलं नाही ते सहा दिवसांत झालं. मनात आलं, त्या नागपूरच्या डॉक्टरला ही वही दाखवावी.

असा गर्व बरा नाही. पण झाला खरा.

१६ डिसेंबर, सोमवार

कमरूनचा जबडा ठणकतो. खालच्या बाजूनं, डावीकडे. दाढ असेल म्हणून लवंगेचं तेल लावलं. तोंड उघडून पाहिलं, दाढ तर बरी दिसते.

आरिफाचा फोन आला होता माझ्यासमोर. "अम्मी, सब ठीक ना? गोली?" कमरून म्हणाली, "हो बेटा, सब ठीक." फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसली. मीही हसले. पोरी जरा जास्तच काळजी करतात.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज नळावरून घागर आणताना कमरून दोनदा टेकली. डावा खांदा जड आहे म्हणते. लग्नसराईचे ब्लाऊज घेतले आहेत शिवायला, दिवसभर मान खाली घालून बसते, त्यानं असेल. खांदा चोळून दिला.

"ताना, हे औषध आतून घान काढते, नाही का? म्हणून होत असन."

मी म्हटलं, "होय. निघतानी त्रास देतेच."

म्हटलं खरं. घरी येऊन दोन्ही पुस्तकं चाळली. जबडा दुखतो, खांदा जड होतो, असं सालीबद्दल कुठंच लिहिलेलं नाही. सासूच्या वेळी असं कोणाला झाल्याचं आठवत नाही. उद्यापासून साल थोडी वाढवते. कमी पडत असेल.

२२ डिसेंबर, रविवार

काय लिहू आणि कसं लिहू.

माझ्या ब्लाऊजचं हूक तुटलं होतं. कमरून चूल फुंकत होती, म्हणाली, मशीनच्या खणात सुईदोरा आहे, घे. खण उघडला. रिळांच्या खाली गोळ्यांची पाकिटं. एक, दोन, पाच. सगळी भरलेली. एका पाकिटातून फक्त चार गोळ्या काढलेल्या. औषधाच्या बिलावर तारीख होती दोन डिसेंबरची.

"कमरून, ह्या गोळ्या काहून भरेल हायेत?"

"ठेवून देल्या. एकेचाळीस दिवस झाले का चालू करीन."

"बंद केल्या तू?"

"मंग? तूच तं म्हटलं, या औषधावर दुसरं औषध नाही. पहिल्याच दिवशी बंद केल्या. आरिफाच्या अब्बाले नाही सांगतलं, ते घाबरट हायेत."

मशीनच्या स्टुलावर बसले. पाकिटाबरोबर नागपूरची चिठ्ठी होती, मराठीतही छापलेली. या गोळ्या एक दिवसही बंद करू नयेत, छल्ल्यात रक्त गोठू शकतं. मोठ्या अक्षरात, खाली रेघ. या गोळ्यांनी पोटात जळजळ, अंगावर निळे डाग होऊ शकतात, हेही खाली होतं. मी ती दोनदा वाचली. माझ्यासारख्या चार पुस्तकं वाचलेल्या बाईनं ही चिठ्ठी अगोदर मागायला नको होती?

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता चालू कर. माह्या बोलन्यात चूक झाली."

"पन मोडलं तं उलटते म्हटलं तू."

"नाही उलटत."

"तवा उलटत होतं, आता नाही उलटत? काय व ताना, तुह्या जिभेले हाड हाये का नाही?" हसली. मग माझं तोंड पाहून म्हणाली, "बरं माय, घेते. जेवून घेते. कटकट नको करू."

बाहेर आले. दुकानात गनीभाऊ एका पोराच्या सायकलला टायर चढवत होते, दोन गिऱ्हाइकं उभी. त्यांना बाजूला बोलवून सांगायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "निघाल्या का भाभी? तुमचे उपकार हायेत आमच्यावर." इतक्या माणसांत कसं सांगायचं? म्हटलं, उद्या सकाळी निवांत सांगते. तिनं घेतली असेलच गोळी आतापर्यंत.

सासूचं ते वाक्य आज पहिल्यांदा उलटसुलट करून पाहिलं. तिच्या काळी दुसरं औषध म्हणजे दुसऱ्या वैदूची मुळी. डोमाजी वैदूची आणि तिची चढाओढ होती, त्यातून निघालेलं ते वाक्य. तिच्याकडे येणाऱ्याच्या घरात एक गोळीही नसायची. तिनं सांगितलं तेव्हा कोणाचं नुकसान होत नव्हतं. मी तीस वर्षं तेच म्हणत राहिले, पाठ केलेल्या कवितेसारखं. घरोघरी गोळ्या आल्या, शुगरच्या, बीपीच्या, आणि मी तेच म्हणत राहिले. किती जणांना म्हटलं असेल?

उद्या नक्की सांगते.

२३ डिसेंबर, सोमवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. हे लिहिलं नाही तर मी ओरडेन.

सकाळी नऊलाच गेले. कमरून मशीनच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली, घामानं पदर ओला, हात छातीवर. रंग राखेसारखा. गनीभाऊ दुकानात हवा भरत होते, पंपाच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. मी हाक मारली तेव्हा धावत आले, त्यांनी १०८ ला फोन लावला.

चिठ्ठीत लिहिलं होतं, दुखलं तर लहान गोळी जिभेखाली. मी काढली. तिनं दात आवळले. मान हलवली. "उलटन..."

म्हणजे काल घेतली नव्हती.

"काही उलटत नाही व!" मी तिचे खांदे धरून ओरडले. "मले काही माहीत नाही! बुढी सांगे तेच मी सांगत होती! उलटते का नाही उलटत, मले खरंच माहीत नाही कमरून, तोंड उघड!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. तिच्या दुखण्यापेक्षाही तिचं ते पाहणं मला सहन झालं नाही. मग तोंड उघडलं.

गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. पंचवीस मिनिटं मी तिचं मनगट धरून होते. नाडी पळायची, अडखळायची, पुन्हा पळायची. मला नाडी कळते असं मी लोकांना सांगते. आज एवढंच कळलं की ती चालू आहे.

यवतमाळला पोचल्यावर आत नेलं. अजून बाहेर आणलेलं नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

छल्ल्यातच गाठ झाली होती. काढली. जीव वाचला. हार्टचा काही भाग कमजोर झाला तो झाला, असं डॉक्टर म्हणाले.

काल संध्याकाळी एका तरण्या डॉक्टरनं घरून आणलेली भरलेली पाकिटं आणि बिल पाहून गनीभाऊंना सगळ्यांसमोर विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या? कोणी सांगितलं होतं बंद करायला?" गनीभाऊ मान खाली घालून उभे. त्यांना काही माहीतच नव्हतं. मी त्यांच्या शेजारी उभी, हातात रिकामी किटली. घरून गडबडीत तशीच आणली होती.

आज सकाळी कमरून शुद्धीवर आली. डॉक्टरनं तिलाही विचारलं. ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "किसी ने नहीं. मैं भूल गई."

"एकोणीस दिवस विसरल्या?"

"बुढापा है साहब."

माझ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टर चिडून निघून गेले. मी काचेच्या दाराशी उभी होते. एक पाऊल टाकायचं होतं. टाकलं नाही.

दुपारी आरिफा आली पांढरकवड्याहून. माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "मावशी, तुम्ही नसत्या तर काय झालं असतं."

तिच्या केसांवरून हात फिरवला मी. हाच हात.

२६ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

गनीभाऊ दवाखान्याबाहेर चहा घेत होते. म्हणाले, "भाभी, एक गोष्ट सांगू? तुमच्या काढ्यानंच एवढे दिवस तग धरला तिनं. गोळी नसतानी. मलेबी चालू करा थोडासा, छातीत भीती बसली माह्या."

हे ऐकल्यावर गप्प राहणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच करणं होतं. मी उभ्या उभ्या बोलले. पथ्याचं. पाकिटांचं. "अन रविवारी मले समजलं होतं गनीभाऊ. तुमी टायर चढवत होते. मी तुमच्यापुढून गेली अन नाही बोलली."

"काहून?"

"गिऱ्हाईक होते."

त्यांनी कप खाली ठेवला. एक एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली.

"मीबी होतो तवा दारात," ते म्हणाले. "पथ्य सांगतलं तवा. मान हालवली मी. दुसरं औषध म्हंजे झाडपाल्याचं, असंच वाटलं मले. गोळीचं डोक्यात आलंच नाही." मग जरा थांबून म्हणाले, "थे एक जाऊ द्या. चूक मानसाच्या हातून होते. पन रविवार? रविवारी तं तुमाले मालूम होतं."

"काही दिवस येऊ नका भाभी," म्हणाले. रागावून नाही. पान्यानं नट कसावा तसं एकसारखं. उठून आत गेले.

मग मी त्या तरण्या डॉक्टरला शोधलं आणि त्यालाही सांगितलं. कमरून विसरली नव्हती, मी सांगितलं होतं. वाटलं होतं हाकलून देईल. त्यानं खुर्ची पुढं केली आणि विचारलं, "आजी, अजून किती जणांना देता तुम्ही हे?" मी आठवतील तेवढी नावं सांगितली. तो म्हणाला, सालीचं नंतर बघू, आधी या सगळ्यांना विचारा, कोणी गोळी बंद केली आहे का.

३० डिसेंबर, सोमवार

चार दिवस गावोगाव फिरते आहे. अकरा घरं झाली. दोन घरी बीपीच्या गोळ्या बंद सापडल्या. दोघांनीही सांगितलं, तुम्हीच तर म्हटलं होतं. त्यांच्यासमोर बसून गोळी गिळायला लावली, मगच उठले.

आज कांताबाई आली, नवऱ्याची छाती धडधडते म्हणून साल मागायला. मी म्हटलं, "अगोदर त्याच्या गोळ्या अन कागद घेऊन ये."

"काहून? डाक्तरीन झाली का तू?"

"नाही झाली, म्हणूनच आन."

"तुही सासू असं काही मागे नाही. हात धरे अन देऊन टाके."

"तिच्या हाती कोनी मेलं का नाही, थे मले कोनी सांगतलं नाही."

तोंड वाकडं करून गेली. आता गावभर सांगेल, तानाबाई बदलली म्हणून. सांगू दे.

कमरून घरी आली असं ऐकलं. आर्णीच्या रस्त्याला दोनदा लागले आणि परत फिरले. येऊ नका म्हणजे किती दिवस येऊ नका, हे विचारायचं राहिलं. आणि विचारणार तरी कोणत्या तोंडानं. मला आता नीट झोप येत नाही. ब्राह्मी घ्यावी असं वाटलं, वाटीत रस काढला आणि तसाच तुळशीत ओतला.

५ जानेवारी, रविवार

सकाळी फोन वाजला.

"मेली का तू?"

आवाज बारीक, पण तिचाच.

"मरता मरता मी वाचली, अन पाहाले यायचं तं हिचा पत्ता नाही. मानूस हायेस का कोन हायेस?"

"गनीभाऊ नको म्हनले."

"मले विचारून म्हनले का? घर काय त्यांच्या एकट्याचं हाये?"

"कमरून, दवाखान्यात तू लबाड बोलली माह्यासाठी."

"मंग काय करू? डाक्तर तुले बोलला असता. तुले मी बोलीन, डाक्तर कोन?" दम लागला तिला. थांबली. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, मी मोजत होते. "अन ताना, मी रागावेल हाव. भल्ली रागावेल हाव. एवढा भरोसा ठेवला, अन तू म्हनतं मले काही माहीतच नाही! थे अगोदर सांगाचं ना व."

"हो."

"बस, हो? तोंडावर बोलाचं हाये मले. फोनवर मजा नाही येत."

"गोळ्या घेऊन राह्यली?"

"आरिफाचे अब्बा जीभ उचलून पाह्यतात. लहान पोरावानी. ये."

काही न घेता निघाले. किटली नाही, गुलकंद नाही. बसमध्ये दोन्ही हात कुठं ठेवावे कळेना.

कमरूनच्या दुखण्यामुळे दुकान बंद होतं. बाजूच्या बोळात, घराच्या दारातच, गनीभाऊ एक सायकल उलटी करून चाक फिरवत बसले होते. जायला वाट नव्हती. मी उभी राहिले. त्यांना मी दिसले होते, कारण चाकाचा वेग कमी झाला. पण चाक पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

आतून कमरूनचा आवाज आला, "कोन हाये?"

आत घ्यायचं की परत पाठवायचं, हे गनीभाऊंनीच ठरवायचं होतं.

गनीभाऊ उठले. सायकल उचलून भिंतीला लावली. मग पुन्हा खाली बसले आणि आजूबाजूला पाना शोधू लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

मी आत गेले.